खाली बघा म्हणजे नेमकं कुठं बघा

आदरणीय अध्यक्ष श्री. नीलकंठराव, आज मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टर योगेंद्रजी, मंडळाच्या चिटणीस विनीताताई, जिचा सत्कार आहे आणि जिला निरोप आहे ती माझी नात प्रणोती, समोर बसलेले मंडळाचे सभासद, सभासदांबरोबर फक्त जेवायला आलेली मंडळी, आणि पहिल्या रांगेत बरोब्बर मधली खुर्ची धरून बसलेली शकु. सगळ्यांना सत्यवतीचा नमस्कार.

विनीताताई मला म्हणाल्या, आजी, पाच मिनिटं बोला आणि गोड बोला. पाच मिनिटांचं मी बघते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथी संपायच्या आधी. भाषण मी स्वतः लिहून आणलं आहे. मध्येच थांबले तर भावना दाटून आल्या असं कोणी समजू नये, माझंच अक्षर मला लागत नसेल.

प्रथम अध्यक्षांविषयी दोन शब्द. नीलकंठराव फॅक्टरीतून रिटायर झाले त्याला सतरा वर्षं झाली, पण अजून सकाळी सात वाजता फाटकात उभे राहतात. अशी शिस्तीची माणसं आता कुठं मिळतात? हाच माणूस प्रणोतीच्या मशीनसमोर बसला आणि पंधराव्या मिनिटाला घोरायला लागला, ते मी पुढं सांगते.

आता आजच्या प्रसंगाकडे येते. प्रणोती डॉक्टर झाली. ही औषधाची डॉक्टर नव्हे, हे इथं सांगून टाकते, कारण मघापासून तिघांनी तिला गुडघे दाखवले. तिला सर्दीचं औषधही देता येत नाही. तिचा विषय डोळा. त्यातही डोळ्यानं बघणं नाही, डोळ्याला बघण्यापासून थांबवणं. माणसाचा मेंदू डोळ्याला कसा हलवतो आणि कसा अडवतो, यावर पोरगी पाच वर्षं बसली. मी म्हटलं, माझ्याकडे आली असतीस तर एका दुपारी सांगितलं असतं. मी नऊ माणसांच्या सासरी आले होते. कोणाकडे कधी बघायचं नाही, यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

पण शास्त्राला असं तोंडी चालत नाही म्हणे. शास्त्राला माणसं लागतात. तिला सत्तरीच्या पुढची माणसं हवी होती आणि आपल्या मंडळात दुसरं काही मिळतच नाही. तिनं बावीस जणांना बोलावलं. विनीताताईंनी यादी केली, ऑटो ठरवले, त्याबद्दल मंडळातर्फे त्यांचे आभार. यादीत माझं नाव शकुच्या नंतर का घातलं, ते मी नंतर विचारीन.

प्रयोग असा होता. अंधारी खोली. हनुवटी एका कपात ठेवायची, कपाळ पट्टीला टेकवायचं. समोर पडदा, पडद्याच्या मधोमध एक ठिपका. ठिपक्याकडे बघत बसायचं. एवढ्यात डावीकडे नाहीतर उजवीकडे दिवा चमकतो. त्या दिव्याकडे बघायचं नाही. दिवा डावीकडे लागला तर नजर उजवीकडे न्यायची, उजवीकडे लागला तर डावीकडे. ऐकायला सोपं वाटतं ना? बसून बघा. आणि कॅमेरा तुमच्या बुबुळावर नजर ठेवून असतो, जाऊ कशी बघते तशी.

आता काय करायचं ते माणसाला सांगावं लागतं, आणि सगळ्यांना एकाच शब्दांत सांगावं लागतं. एकाला जास्त समजावलं, दुसऱ्याला बोट दाखवलं, की शास्त्र नासतं. म्हणून सूचना कागदावर लिहिलेली असते आणि तीच वाचायची असते. आपण राहतो हिंदी मुलखात, इथल्या हिंदीवाल्या बुजुर्गांचा गट वेगळा, त्यांच्यासाठी हिंदी कागद होता. आपल्या लोकांसाठीही तोच वाचणार होती. मीच म्हटलं, काहून? आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलायला काय होतं तुला? मग पोरीनं स्वतः बसून मराठी कागद लिहिला. मला दाखवला नाही. दाखवला असता तर आज मला बोलण्यासारखं काही उरलं नसतं.

कागदावर लिहिलं होतं, ‘दिवा लागला की दिव्याकडे बघू नये, खाली बाजूला बघावे.’

माझा नंबर आला. मी बसले. दिवा लागला. मी खाली बघितलं.

प्रणोती अंधारातून म्हणाली, “आजी, खाली बाजूला.”

मी म्हटलं, “खालीच बघून राहिले.”

“नाही ना. खाली.”

मी आणखी खाली बघितलं. मला माझं नाक दिसलं. पदरावर वरणाचा डाग दिसला.

“आजी, तू खाली काहून नाही बघत?”

“आता याच्या खाली तळघर आहे का?” मी विचारलं.

बोट दाखवायची तिला मनाई, दुसरा शब्द वापरायची मनाई. ती तोच कागद पुन्हा वाचायची आणि मी पुन्हा पदर बघायची. आम्हा बायकांना खाली बघ म्हणून सांगणं म्हणजे काय? लग्न ठरताना सांगितलं, मांडवात सांगितलं, सासरच्या उंबऱ्यात सांगितलं. पन्नास वर्षांचा सराव. पुरुषांचंही तेच झालं, त्यांना साहेबानं शिकवलं होतं. नीलकंठरावांनी एकदा खाली बघितलं ते वर बघितलंच नाही, त्यांना झोप लागली. अध्यक्षमहाराज, क्षमा असावी, पण कॅमेऱ्यात आहे.

योगेंद्र सर म्हणजे प्रणोतीचे गाईड. त्यांनी कोणाची नजर कुठं गेली त्याच्या रेघा कागदावर काढून बघितल्या. हिंदीवाल्या बुजुर्गांच्या रेघा डावी-उजवीकडे जायच्या, कधी चुकायच्या, पण जायच्या. आपल्या मंडळाच्या रेघा विहिरीत बादली सोडावी तशा सरळ खाली. एक नाही, दोन नाही, एकवीस माणसांच्या. सर घाबरले. त्यांनी दोन जाड पुस्तकं काढली. नजर वर-खाली जायची बंद होते असा एक रोग आहे म्हणे, पण नजर फक्त खालीच जाते आणि तीही एका समाजाची, असा रोग कोणत्याही पुस्तकात निघेना. सरांनी प्रणोतीला विचारलं, “ये लोग आपस में ही शादी करते हैं क्या?” मग विचारलं, “ये लोग खाते क्या हैं?” प्रणोतीनं सांगितलं, साबूदाणा. सरांनी ते लिहून घेतलं.

योगेंद्रजी, हसून राहिले तुम्ही, पण लिहून घेतलं होतं.

बाविसांत एकवीस गेले. मग बाविसावं कोण? पहिल्या रांगेत मधली खुर्ची. शकुची रेघ डावी-उजवी, अगदी पुस्तकातल्यासारखी. याच शकुच्या मराठीला मी चाळीस वर्षं नावं ठेवली. घरात सगळं हिंदी, मंडळात आली की मराठीला हिंदीचा झगा घालून बोलते. सरांनी तिची रेघ बघितली आणि म्हणाले, “इस पूरे ग्रुप में एक ही दिमाग़ ठीक है।” हे वाक्य तिनं पाठ केलं.

आता गंमत बाजूला ठेवते, कारण प्रणोतीला त्यात गंमत नव्हती. सर म्हणाले, हे बावीस जण काढून टाका, नवे बावीस शोधा, पुढच्या वर्षी प्रबंध द्या. आणि बंगळूरला मिळालेली संशोधनाची जागा तिच्यासाठी मार्चपर्यंतच राखलेली. मार्चमध्ये प्रबंध गेला तर जागा, नाही तर नाही. एवढी साधी गोष्ट होती. पोरगी घरी आली, आणि जिला मी आयुष्यभर चूप बस म्हणून थकले, ती चूप बसली.

मधल्या काळात एका दुपारी आम्ही मटर सोलत होतो. मी विचारलं, “ते डोक्यात नेमकं काय असतं ते मला सांग. मला न समजायला मी काय शकु आहे?”

ती म्हणाली, “आजी, कुठं काही चमकलं की डोळा आपोआप तिकडे पळतो. ते करणारी जागा मेंदूत मागे आहे, खोल. फार जुनी. बेडकाला पण असते. आणि कपाळाच्या मागे दुसरी जागा आहे. ती म्हणते, रुक. म्हणजे मेंदूला दोन काम. पहिले डोळ्याला थांबवायचं, मग उलट्या बाजूला पाठवायचं.”

“म्हणजे मागे नवी सून आणि पुढं सासू.”

“आजी, मी हे थिसिसमध्ये नाही लिहू शकत.”

“लिहू नको, पण खरं आहे ना?”

ती म्हणाली, “थोडं आहे. आणि मध्ये आणखी एक जागा आहे, ती पूर्ण वेळ झाकण दाबून बसते. बघायचं असतं तेव्हा ती फक्त हात उचलते.”

हे मला पटलं. म्हणजे गप्प बसलेला माणूस काही करत नाही असं आपण समजतो, ते चूक आहे. आत कोणीतरी झाकण दाबून बसलेलं असतं. मी विचारलं, “मग ते दाबणारं दमत नाही का?”

“दमतं. वय झालं की जास्त चुकतं. हात सुटतो, नजर पळते.”

आणखी एक तिनं सांगितलं. आरशासमोर उभं राहा, आधी आपल्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या. डोळा हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाही. डोळा पळतो तेवढ्या क्षणापुरतं मेंदू दुकान बंद ठेवतो. मी अर्धा तास आरशासमोर उभी होते. माझी सून क्षमा म्हणाली, “आई, कुठं निघालात का?” खरंच दिसत नाही. आपली नजर कुठं पळाली ते आपल्याला दिसत नाही, समोरच्याला दिसतं. हे लक्षात ठेवा, मला शेवटी लागणार आहे.

आत बटाटेवडे तळून राहिले, वास मलाही येतो. थोडं राहिलं आहे.

सर नाही म्हणाले त्याच्या तिसऱ्या दिवशीची सकाळ. प्रणोती स्वयंपाकघरात आली. “आजी, तो खाली डबा दे ना.” मी खालच्या फळीवरचा डबा दिला.

“हा तर भरलेला आहे. खाली दे.”

“खालचाच दिलाय.”

“अगं, जो खाली आहे तो.”

“मग हा काय छतावरून आणला?”

ती वैतागली, स्टुलावर चढली, सगळ्यांत वरच्या फळीवरून रिकामा डबा काढला आणि मला दाखवून म्हणाली, “हा काय, खाली.” आणि गेली.

मी बेसनाच्या लाडवांचा डबा हातात धरून तिथंच उभी. सगळ्यांत वरच्या फळीवरच्या डब्याला ही पोरगी खाली म्हणते. म्हणजे रिकामा. म्हणजे खाली बाजू म्हणजे रिकामी बाजू, जिकडे दिवा नाही ती. तिनं मराठीत हिंदी लिहिलं, आम्ही त्यातली मराठी ऐकली, आणि एकवीस माणसांचे मेंदू सडके निघाले. शकुला कळलं, कारण शकु तसंच बोलते.

मग मी काय केलं? धावत जाऊन सांगितलं? योगेंद्रजी, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, “माताजी, आपको कब पता चला?” मी म्हटलं होतं, आज सकाळी. ते खोटं होतं. मला अकरा दिवस माहीत होतं. माझं नाव सत्यवती आहे, पण ते ठेवताना मला कोणी विचारलं नव्हतं.

अकरा दिवस मी बोलले नाही. सांगितलं तर पोरगी बंगळूरला जाणार, नाही सांगितलं तर इथं राहणार. मला दुसरं काही करावं लागत नव्हतं, फक्त झाकण दाबून बसायचं. आणि ते मला येतं. ती जेवायला समोर बसली की मी भाताकडे बघायचे. ती बावीस जणांच्या औषधांच्या याद्या घेऊन बसायची, कोणत्या गोळीनं नजर खाली जाते ते शोधत, तेव्हा मी खिडकीकडे बघायचे. लाडू तिनं सोडले. डबा तसाच भरलेला, खालच्या फळीवर.

बाराव्या दिवशी मंडळाचं हळदीकुंकू होतं. शकु वाण द्यायला उभी राहिली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, माझा मेंदू तपासलेला आहे, भिजवलेले बदाम खात जा. मी म्हटलं, “तुला दाखवावा लागला. आम्हाला न दाखवता चालतं.” ती म्हणाली, “तू दाखवलास ना. खाली निघाला.”

चाळीस बायका हसल्या. त्या विनोदाचा अर्थ हिंदीतून लागतो, आणि पूर्ण सभागृहात तो लागला. म्हणजे सगळ्यांना दोन्ही खाली येतात. मग त्या खोलीत बसल्यावरच आम्ही एवढे शुद्ध काहून झालो? मराठी कागद ऐकून ताठ झालो असू.

मी शकुचा दंड धरला. घरी गेले, दोन डबे घेतले, ऑटो केला. ऑटोवाले भैया म्हणाले, “माताजी, डिब्बे में क्या है?” मी म्हटलं, “एक में लड्डू, एक में शकु का दिमाग़।” राइट टाउनला सरांच्या प्रयोगशाळेपर्यंत ती तोंड फुगवून बसली.

सरांच्या टेबलावर मी रिकामा डबा ठेवला. भरलेला खाली जमिनीवर ठेवला. शकुला म्हटलं, “खाली डबा उचल.” तिनं टेबलावरचा उचलला. मग सरांना म्हटलं, आता मला सांगा. सर म्हणाले, “माताजी, खाली डिब्बा उठाइए।” मी वाकून जमिनीवरचा उचलला. प्रणोती दारात उभी होती. ती जमिनीवरच बसली. सरांनी डबा उघडून दोन लाडू खाल्ले आणि म्हणाले, “ये तो भाषा निकली।”

तेव्हा मला कधी कळलं ते त्यांनी विचारलं, आणि खोटं बोलताना माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे पळाली. सर डोळ्यांचे एवढे मोठे डॉक्टर, त्यांना ती दिसली नाही. ते लाडवाकडे बघत होते.

मग कागदावर ‘रिकाम्या बाजूला’ लिहिलं आणि चार दिवसांत बावीसच्या बावीस जण परत बसले. विनीताताईंनी पुन्हा ऑटो ठरवले. नीलकंठराव या वेळी जागे राहिले. आपले सगळे मेंदू वयाच्या मानानं ठीक निघाले. माझी नजर चाळीस वेळांत चौदा वेळा दिव्याकडे पळाली. शकुची किती पळाली ते मी सांगणार नाही, आणि शकु, तूही सांगू नको. प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. त्यात पहिल्या पानावर छापलं आहे, भाषेच्या मदतीसाठी आजीचे आभार. ते वाचल्यापासून मला ते पान नीट बघता येत नाही, म्हणून आज हे सगळं बोलले. त्या आभारांतून अकरा दिवस कापून घ्यावेत.

आणि हेही लिहून ठेवा, की मी सांगितलं ते नातीच्या प्रेमानं नाही. शकुच्या त्या एका शब्दानं सांगितलं.

काय म्हणालीस शकु? प्रणोती हसून राहिली की रडून? मला काय माहीत, मी तिकडे बघून नाही राहिले. विनीताताई, तुम्ही सांगा. दोन्ही करून राहिली? बरं. असू द्या.

प्रणोती, बंगळूरला कानडी आहे. तिथं कागद लिहिशील तर आधी एखाद्या म्हातारीला वाचून दाखव. फार शिकलेली शोधू नको. आणि डबा मागताना रिकामा म्हणायला शिक.

उद्या सकाळी हिची गाडी आहे. श्यामसुंदर, माझा मुलगा, म्हणतो आई, स्टेशनवर येऊ नको, जिना चढवत नाही तुला. मी येणार आहे. पण गाडी हलली की मी खाली बघणार आहे, आधी सांगून ठेवते. ते मराठी खाली समज नाहीतर हिंदी समज, तुझी मर्जी. दोन्ही बरोबर आहे. आणि मध्येच माझी नजर वर पळाली तर ते मला दिसणार नाही. तुला दिसेल. तू त्याचीच डॉक्टर आहेस.

अध्यक्षांनी मला अडवलं नाही, योगेंद्रजींनी सगळी मराठी समजल्यासारखं ऐकून घेतलं, माइकवाल्यानं आवाज बारीक केला नाही, त्या सगळ्यांचे आभार. पाच मिनिटांची किती झाली ते विनीताताईंनी मोजू नये. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर वयाकडे बघून सोडून द्यावं. शकुला जे बोलले ते वयामुळे नाही, ते मी लिहूनच आणलं होतं.

आता बसते. माझी खुर्ची प्रणोतीच्या शेजारी ठेवली आहे, तसं मीच सांगितलं होतं. शेजारी बसलं की बघावं लागत नाही, आणि न बघण्याचीही मेहनत नाही.